जिना नसलेला स्लॅब

वसईजवळच्या चिंचोटीचं नाव पेपरात येतं ते धबधब्यामुळे. जुलै 2018 मध्ये या धबधब्यावर शंभराहून अधिक पर्यटक अडकले, एनडीआरएफ धावून आली, वाहिन्यांवर दिवसभर तेच चाललं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत वसई पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसं अडकून पडली. धबधब्याच्या खालच्या अंगाला जे पाडे आहेत आणि महामार्गाच्या कडेने ज्या चाळी वाढल्या आहेत, त्यांच्याकडे त्या आठवड्यात फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून, आणि 2020 चं निसर्ग व 2021 चं तौक्ते ही चक्रीवादळं येऊन गेल्यावर तर जास्तच ठासून, एक मत मांडलं जातं. किनारपट्टीवरच्या गरिबांची घरं कच्ची आहेत म्हणून ती पडतात. कुडाच्या जागी वीट द्या, पत्र्याच्या जागी स्लॅब द्या, प्रश्न मिटला. अधिकारी हे म्हणतात, पुढारी म्हणतात, वर्तमानपत्रांत पत्रं लिहिणारे सुशिक्षित म्हणतात. पाड्यावरची माणसंही म्हणतात, आणि त्यांचं त्यात काही चुकत नाही. तलाठ्याच्या घराला स्लॅब आहे, मास्तरांच्या घराला आहे, मग आपल्याच घराला का नसावा? माझा वाद त्यांच्याशी नाही. वाद आहे तो ज्यांना हिशेब येतो आणि तरीही जे हा सोपा मंत्र म्हणतात त्यांच्याशी.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. भारतीय मानकातल्या वाऱ्याच्या नकाशात मुंबईसाठी मूलभूत वेग धरला आहे सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. वसई तिला लागूनच. या वेगाचा वारा चौरस मीटरला ढोबळ मानाने 118 किलोचा जोर लावतो. छपराच्या बाबतीत हा जोर बहुतेक वेळा खाली दाबणारा नसतो, वर खेचणारा असतो, आणि वळचणीला व कोपऱ्यांत ही ओढ सर्वांत जास्त असते. पन्हळी पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच-सहा किलो. चार इंची स्लॅबचं अडीचशे. तेव्हा पत्रा उडतो आणि स्लॅब जागचा हलत नाही, हे खरंच आहे. रायगड-रत्नागिरीत 3 जून 2020 ला हेच दिसलं. निसर्ग येऊन गेल्यावर गावंच्या गावं उघडी पडली होती आणि पत्र्या-कौलांसाठी लोक वणवण फिरत होते.

पण त्याच हिशेबाचा उरलेला अर्धा भाग ही मंडळी वाचत नाहीत. 25 चौरस मीटरच्या घरावर वळचण धरून 30 चौरस मीटर पत्रा असेल, तर सगळी मिळून ओढ साडेतीन टनांची. घराला बारा खांब असतील तर एका खांबाच्या वाट्याला तीनशे किलोच्या आसपास येते; कोपऱ्यातल्या खांबांना थोडी जास्त धरा. आठ एमएमची एक साधी सळई दोन टनांची ओढ सोसते. आणि जेमतेम पावणेदोन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल काँक्रीटचा ठोकळा खांबाच्या बुडाशी असला, तर त्याचं वजनच तीनशे किलोंहून जास्त भरतं. म्हणजे वादळात पत्र्याचं छप्पर टिकवायला लागते ती पत्र्यापासून रिपेपर्यंत, रिपेपासून कैचीपर्यंत, कैचीपासून खांबापर्यंत आणि खांबापासून जमिनीतल्या ठोकळ्यापर्यंत न तुटणारी साखळी. यातला एक सांधा कच्चा राहिला की बाकीच्या सगळ्यांचं भक्कमपण वाया.

आता पाड्यावरच्या कुठल्याही घराचं छप्पर खालून बघा. पत्रा रिपेला जे-बोल्टने धरलेला असतो, तोही एक पन्हळ सोडून तिसऱ्या पन्हळीला, कारण बोल्ट वाचवायचे असतात. कुठे वायसर गंजून गळून पडलेला, तिथलं भोक मोठं झालेलं. त्यात डांबर नाहीतर एम-सील भरलेलं. रीप वाशावर एका खिळ्याने ठोकलेली. वासा भिंतीवर नुसता टेकवलेला; फार तर दोन विटा आणि थोडा माल लावून दाबलेला. आणि या सगळ्यावर, पत्रा उडू नये म्हणून, दगड, जुने टायर आणि गोणीत भरलेली रेती. दगड ठेवणाऱ्याला वाऱ्याचं शास्त्र कळत नाही असं समजू नका. वारा वर खेचतो हे त्याला कळलेलं आहे. त्यावर उपाय म्हणून त्याच्या हाती जे आहे ते त्याने ठेवलं आहे. आपल्या हाती सळई आणि छप्पर खांबाला बांधणारी लोखंडी पट्टी असताना आपण त्याला काय दिलं, हा प्रश्न आहे.

कमी उंचीच्या घरांना चक्रीवादळापासून कसं वाचवायचं याचं स्वतंत्र भारतीय मानक 2004 पासून आहे. त्यात काही गुपित नाही. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरं, उतार फार सपाट नको, वळचण लांब नको, पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं असावं म्हणजे गेलं तर एकटंच जाईल, दारं-खिडक्यांच्या कड्या भक्कम असाव्यात. या शेवटच्या गोष्टीला आपण हसतो. पण वाऱ्याकडचं दार मोडलं की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो आणि बाहेरचा वारा वरून खेचतो. पुष्कळ छपरं जातात ती अशी, दाराच्या कडीपायी. चौपाखी घरं तर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बांधली जात होती. दोन भिंती त्रिकोणी वर नेऊन त्यावर पत्रे टाकण्याची पद्धत नंतर रुळली, कारण ती स्वस्त पडते आणि गवंड्याला कौल कापत बसावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती कळल्यावर मला राग आला होता. वाऱ्याच्या भाराचं जे मुख्य भारतीय मानक 2015 मध्ये सुधारलं गेलं, त्यात चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी जास्तीचा गुणक दिला आहे: किनाऱ्यापासून 60 किलोमीटरपर्यंतच्या महत्त्वाच्या इमारतींसाठी. मात्र तो लागू आहे पूर्व किनाऱ्याला आणि पश्चिमेला फक्त गुजरातला. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. वारा उंबरगावपर्यंत कायद्याने जोरात आणि तलासरीत शिरला की सौम्य! हे मानक आलं तेव्हा निसर्ग यायचं होतं, हे मान्य. पण 1948 च्या नोव्हेंबरातलं मुंबईचं वादळ येऊन गेलेलं होतं, 2009 चं फयान होऊन गेलेलं होतं. स्लॅबचा आग्रह धरणाऱ्या अभियंत्यांनी निदान हा मुद्दा तरी लावून धरायला हवा होता. वादळात निवारा म्हणून जिथे माणसं न्यायची, त्या शाळा आणि समाजमंदिरं याच मानकावर बेतली जातात.

आता स्लॅबकडे वळू. कागदावरचा स्लॅब आणि घरकुलाचा स्लॅब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीवरच्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. राज्याने 2025 मध्ये आणखी 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौर पॅनेलसाठी. कातकऱ्यांसाठी जनमन योजनेत 2 लाख आहेत. एवढ्या पैशात किमान 25 चौरस मीटरचं घर उभं करायचं. वाळू, खडी, सिमेंट, सळई यांचे वसईतले भाव मुंबईचे, कारण मालाचं गिऱ्हाईक मुंबईच. मग काय होतं? एक तर पैसे लिंटलपर्यंत संपतात आणि वर पुन्हा पत्राच चढतो, तोही घाईने, पावसाच्या तोंडावर. नाहीतर कर्ज काढून स्लॅब पडतो आणि काटकसर होते ती डोळ्याला न दिसणाऱ्या ठिकाणी: सळईत, सिमेंटात, पाण्यात.

खाऱ्या हवेत ही काटकसर फार महागात पडते. किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या आरसीसीसाठी मानक सांगतं की काँक्रीट किमान एम-30 दर्जाचं हवं आणि सळईवर 45 मिलिमीटरचं आवरण हवं. पाड्यावर घमेल्याने कालवलेल्या मालाचा दर्जा कोण तपासतो? खाडीची रेती न धुता वापरली तर मीठ आत जातं, सळई गंजते, गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे खालच्या अंथरुणावर पडू लागतात. वसई-विरारला काँक्रीटच्या भरवशाचा धडा नव्याने द्यायची गरज नाही. ऑगस्ट 2025 मध्ये विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळलं आणि 17 माणसं गेली. ती इमारत पक्की होती, स्लॅबची होती, आणि तिला पाडायला चक्रीवादळ लागलं नाही.

तरीही क्षणभर धरून चालू की स्लॅब चांगला पडला. पुरात त्याचा एकच मोठा उपयोग असतो: पाणी घरात शिरलं की माणसाने वर चढून बसावं. घरकुलाच्या बहुतेक स्लॅबला वर जायला जिना नसतो. जिना नमुन्यात नाही आणि पैशातही नाही. कुणी शिडी करून ठेवली असेल तर तिच्यावरून म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि तान्हं मूल रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, कशी चढणार? ज्या स्लॅबसाठी एवढा आग्रह, तो ज्या कामाला यायचा त्याच कामाला तो असा मुकतो.

आणि चिंचोटीत पूर एका जातीचा नाही, ही गोष्ट एकच नकाशा सगळीकडे चिकटवणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. समुद्र इथून डोळ्यांना दिसत नाही. वरच्या अंगाला तुंगारेश्वरचा डोंगर आहे आणि खालच्या अंगाला वसईच्या खाडीकडे उतरणारी सखल खाजणं. डोंगरातून येणारं पाणी धावतं. ते तासा-दोन तासांत येतं आणि जातं, पण जाताना पायाखालची माती कोरून नेतं, दगड-गोटे आणि ओंडके भिंतीवर आदळतं. ओढ्याकाठच्या पाड्याला धोका आहे तो या धावत्या पाण्याचा. त्याला पाया खोल हवा, ओढ्यापासून अंतर हवं, पाण्याला अडवणारी लांब भिंत नको. महामार्गाखालच्या चाळींत येणारं पाणी मात्र बसून राहतं. वर पाऊस आणि खाली उधाणाची भरती एकाच वेळी आली की खाडी ते घेत नाही. तिथे लागते उंच जोतं, भिजून वाळणारी भिंत, कमरेच्या वर चढवलेला विजेचा मीटर, आणि धान्य, कागदपत्रं, मुलांची दप्तरं ठेवायला माळा. धावत्या पाण्याला जे घर चालेल ते बसलेल्या पाण्याला चालेलच असं नाही. जेमतेम हाकेच्या अंतरावरच्या दोन वस्त्यांना एकच सरकारी नमुना देणं म्हणजे दोघांपैकी एकाला नक्की बुडवणं.

जोत्याचंच बघा. जोत्याची उंची आजूबाजूच्या जमिनीपासून मोजतात, आणि चिंचोटीच्या परिसरात आजूबाजूची जमीन दरवर्षी वर सरकत असते. गोदामासाठी भराव, कारखान्यासाठी भराव, ढाब्यासाठी भराव. दिवा-वसई लोहमार्गाचा बांध जुनाच. महामार्गावर आता काँक्रीटचा थर चढला आहे. चिंचोटीहून कामण-भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे उभं राहिलं ते भरावावरच. ज्याच्याकडे डंपर आहे तो वर जातो आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या दारात त्याचं पाणी येतं. दहा वर्षांपूर्वी दोन फूट उंच बांधलेलं जोतं आज रस्त्याच्या खाली असतं. घर तेच, स्लॅब तोच; बदलली ती शेजारची जमीन. म्हणून मी म्हणतो, जोतं मोजायचं तर 2018 च्या पाण्याच्या खुणेपासून मोजा. ती खूण अजून पुष्कळ भिंतींवर आहे, नसली तरी म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. आणि उंच करायचं ते जोतं, आवार नव्हे. सगळं आवार भरून घर वर घेतलं की आपलं पाणी शेजाऱ्याच्या चुलीत.

इथे कुणी म्हणेल की हा घराच्या नकाशाचा विषय राहिला नाही, नगररचनेचा झाला. झालाच. 2018 नंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांची समिती नेमली, तिने धारण तलाव सुचवले, नाल्यांची वाट मोकळी करायला सांगितलं. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या जुन्या लोकांनी हे काम बावखलांकडून, म्हणजे जुन्या तळ्यांकडून, करून घेतलं होतं. ती बावखलं बुजवून त्यावर इमले चढले. त्या इमल्यांचे नकाशे कुठल्या ना कुठल्या टेबलावर गेलेच असतील, आणि नसतील गेले तर तो त्याहून मोठा प्रश्न आहे. मग पुराच्या वेळी त्याच यंत्रणेने गरिबाला सांगायचं की बाबा रे, तुझी भिंत कुडाची आहे म्हणून तू बुडालास!

आता उलट बाजूचाही समाचार घेतो, कारण एवढं वाचून काहींना आनंद झाला असेल. शहरात वातानुकूलित सभागृहात बसून कारवीच्या भिंतींचं गुणगान करणारा एक वर्ग आहे. त्यांच्या मते आदिवासींनी कुडाच्या घरातच राहावं, ते निसर्गाशी एकरूप असतं, थंड असतं, छायाचित्रात सुंदर दिसतं. या मंडळींना एका पावसाळ्यात त्या घरात राहायला पाठवावं. कुडाची भिंत दरवर्षी लिंपावी लागते, शेण आणि माती आणावी लागते, आणि हे काम बायकांच्या माथी असतं. कारवी तोडायला गेलं तर तुंगारेश्वर अभयारण्य, वनखात्याचा रक्षक उभा. गवताचं छप्पर शाकारायला गवत उरलेलं नाही. जिथे गवत वाढायचं तिथे प्लॉटिंग झालं. तेव्हा कुडाकडे परत चला हा सल्ला मी देणार नाही.

मात्र कुडात एक अक्कल आहे, ती घेण्यासारखी आहे. सांगाडा एकीकडे, भिंत दुसरीकडे. पुरात माती वाहून गेली तरी मेढी आणि तुळया उभ्या राहतात, छप्पर डोक्यावर राहतं, आणि आठ-पंधरा दिवसांत भिंत पुन्हा लिंपता येते. विटांची भिंतच छप्पर पेलत असेल आणि ती पाण्याने ढासळली तर सगळंच खाली येतं. याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. तिथे जड, बिनसळईच्या भिंतींच्या घरात झोपायला लोक घाबरत होते, त्यांना तंबू द्यावे लागले. हलकी भिंत अंगावर पडली तर माणूस वाचतो. तेव्हा सांगाडा सळईचा किंवा लोखंडी नळीचा करा, जोतं दगड-काँक्रीटचं करा, भिंत खाली तीन-चार फूट भाजक्या विटेची आणि वर हलकी ठेवा, छप्पर पत्र्याचं पण पट्टीने बांधलेलं, आणि आत एक मजबूत माळा, घरातली सगळी माणसं एक रात्र बसू शकतील एवढा. बांगलादेशच्या वास्तुरचनाकार मरिना तबस्सुम यांनी मेघनेच्या चरांवरच्या, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटांवरच्या, लोकांसाठी ‘खुदी बाडी’ नावाचं घर केलं, त्याला 2025 चा आगा खान पुरस्कार मिळाला. बांबू, लोखंडी सांधे, वरच्या मजल्यावर आसरा, आणि गरज पडली तर उकलून दुसरीकडे नेता येईल असं. ते जसंच्या तसं चिंचोटीत आणा असं मी म्हणत नाही. इथे वस्ती सरकत नाही, नदीचं पात्र सरकत नाही. घ्यायचा तो त्यातला वरचा मजला. आपल्याकडे त्याला माळा म्हणतात आणि तो पूर्वी प्रत्येक घराला असायचा.

यावर हमखास येणारं उत्तर: कल्पना छान आहे, पण हजारो घरांना एकेकाच्या मापाने काम कसं करणार? सरकारला एकसारखाच नमुना लागतो. हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांच्या लक्षात राहिली ती स्थलांतर करून वसवलेली, चौकोनी आखणीची नवी गावं. पण त्याच कार्यक्रमात, कमी नुकसान झालेल्या गावांत, लाखाहून अधिक घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुती झाली. पैसे मालकाच्या हातात, काम गावातल्या गवंड्याकडून, वर अभियंत्याची देखरेख. तीस वर्षांपूर्वी, मोबाइल नसताना, हे जमलं. आता प्रत्येक घरकुलाचा जोत्याचा, लिंटलचा आणि छपराचा फोटो, अक्षांश-रेखांशासकट, सरकारकडे जातो आणि त्यावर हप्ता सुटतो. म्हणजे तपासणीची साखळी तयार आहे. फोटोत जोतं आहे का एवढं बघतात. ते किती उंच आहे आणि कशापासून उंच आहे हे विचारत नाहीत.

दुसरं हमखास उत्तर: मग त्यांना तिथून हलवाच. कुठे? दरडीखाली गाव गेलं म्हणून माळीणकरांसाठी नवं गाव बांधलं, 2017 च्या पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. मुंबईत धारावीच्या पुनर्वसनासाठी सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 255.9 एकर मिठागरांची जमीन वापरायला मान्यता दिली. म्हणजे गरिबाला हलवायचं तर तेही पाणथळीत नेऊन बसवायचं! चिंचोटीतला माणूस तिथे आहे तो वालीव-सातिवलीच्या कारखान्यांमुळे, वीटभट्ट्यांमुळे, नाक्यावर मिळणाऱ्या रोजामुळे. त्याला वीस किलोमीटर आत नेलात तर तो सहा महिन्यांत परत येईल आणि आधीपेक्षा वाईट जागी झोपडं बांधेल.

आणि पुष्कळांना तर घरकुल मिळूच शकत नाही. महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधायला शहरी योजनेत अडीच लाख आहेत, पण नावावर जागा हवी. वनजमिनीवर पिढ्या काढलेल्याकडे कागद नाही. मिठागराच्या जमिनीवरच्या मजुराकडे नाही. महामार्गालगतच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबाला तर या सगळ्या चर्चेत कुणी धरतच नाही. त्याचं घर पडलं तर भरपाई मिळाली तरी मालकाला. ज्याला उद्या उठवतील याची खात्री आहे, तो पत्र्याला पट्टी मारायला स्वतःचे पाचशे रुपये का घालेल? जागेचा हक्क हा वादळाच्या तयारीचा भाग आहे, हे महसूल खात्याला कुणीतरी लेखी कळवायला हवं.

पैशाचीही गोष्ट करू. निसर्गनंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घराची भरपाई 95 हजारांवरून दीड लाख केली. योग्यच केलं. पण मैदानी भागात घर बांधायला केंद्राची योजना देत होती 1 लाख 20 हजार. घर उभं राहायला जेवढे, त्याहून तीस हजार जास्त ते पडल्यावर! त्या दीड लाखातला छोटासा हिस्सा आधी मिळाला असता तर बोल्ट, पट्ट्या, आडवे ताण आणि दाराच्या कड्या झाल्या असत्या. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, फीत कापण्यासारखं तर नसतंच. छपराच्या पट्टीचं उद्घाटन कोण करणार?

माझं म्हणणं असं नाही की स्लॅब वाईट. ज्याला नीट स्लॅब परवडतो त्याने जरूर टाकावा, जिन्यासकट. पण सरकारी पैशाने, अपुऱ्या रकमेत, खाऱ्या हवेत, बुडणाऱ्या जोत्यावर टाकलेल्या स्लॅबला वादळरोधक घर म्हणणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही चांगल्या हेतूने केलेली असो.

वसई तालुक्यातल्या ज्या गावांत ग्रामसभा होते तिथे ती 1 मेला होते, म्हणजे पावसाच्या महिनाभर आधी. जिथे महापालिका आहे तिथे प्रभाग समितीचं कार्यालय आहे. तिथे जा. यंदाच्या घरकुलांच्या यादीत प्रत्येक घराच्या हप्त्याला तीन अटी जोडायला सांगा: जोतं 2018 च्या पाण्याच्या वर, छपराची पट्टी खांबापर्यंत, आणि स्लॅब असेल तर जिना, नसेल तर माळा. जुन्या पत्र्याच्या घरांना पट्ट्या मारण्यासाठी वेगळी रक्कम मागा. तोंडी आश्वासन घेऊ नका. ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल सहीशिक्क्यानिशी हातात घेऊनच उठा.